मॅक्रो बंद होते, तरीही: वाळूजच्या एका कारखान्यात आलेली एक्सेल फाईल

वाहन कंपन्यांना थेट माल न देता, त्यांना माल देणाऱ्यांना सुटे भाग करून देणारे कितीतरी छोटे कारखाने वाळूज एमआयडीसीत आहेत. हे प्रकरण त्यातल्याच एकाचं. टर्निंग, ड्रिलिंग, थोडं प्रेसचं काम. ऑफिसात मोजकी माणसं, बाकी सगळं शॉपवर. कारखान्याचं आणि माणसांचं नाव देत नाही. मालकांनी सविस्तर लिहायला परवानगी दिली ती त्याच अटीवर. मी अशा कारखान्यांची संगणकाची कामं बघतो, त्यामुळे तपास आणि नंतरची दुरुस्ती दोन्ही माझ्याकडेच होती.

प्रकरण बाहेर कळल्यावर आजूबाजूच्या कारखान्यांत एकच वाक्य फिरलं: "अकाउंटच्या मॅडमनी नको ती फाईल उघडली." हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून एवढं लिहितोय. आलेली फाईल उघडणं हे मॅडमचं कामच आहे. दोष फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामचा होता, आणि तो प्रोग्राम वर्षानुवर्षं दुरुस्त न करता चालवणाऱ्या सगळ्यांचा होता.

काय घडलं

महिनाअखेर होती. ग्राहकांची शेड्यूलं, जॉबवर्कवाल्यांची बिलं, जीएसटीचा ताळमेळ, सगळं एकदम येतं ते दिवस. हीट ट्रीटमेंट करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याच्या मेलवरून एक झिप आली. आत एक एक्सेल फाईल, नाव थकबाकी आणि सुधारित दरांचं. मेलचा पत्ता खरा होता. इतकंच नाही, आधी चालू असलेल्या मेलच्या साखळीतच उत्तर म्हणून ती आली होती, खाली जुना मजकूर जसाच्या तसा. त्या जॉबवर्कवाल्याचा मेलबॉक्सच कुणाच्या तरी हाती गेला होता हे नंतर कळलं.

मॅडमनी झिप सोडवली आणि फाईल उघडली. एक्सेल क्षणभर अडकलं, मग पत्रकात एक धूसर चित्र दिसलं, बिलासारखं, पण वाचता न येणारं. त्यांनी लगेच जॉबवर्कवाल्याला फोन लावला, तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा तिकडून उत्तर आलं की आम्ही असलं काही पाठवलेलंच नाही. तेव्हा त्यांनी मला कळवलं. त्यांचे शब्द असे होते: "सर, फाईल उघडली, पण आत काहीच दिसायलं नाही. मॅक्रो चालू करू का असंही विचारलं नाही." मॅक्रो म्हणजे फाईलच्या आत लिहून ठेवलेल्या, चालवता येणाऱ्या आज्ञा. या दुसऱ्या वाक्याने मला सगळ्यात जास्त मदत झाली.

तोवर नुकसानीची सुरुवात झाली होती. मोठ्या ग्राहकाच्या अकाउंट विभागातून विचारणा आली: तुमचं बँक खातं बदललं का? कारखान्याच्याच मेलवरून त्यांना पत्र गेलं होतं, की आमचं खातं दुसऱ्या बँकेत नेलंय, यापुढचं पेमेंट तिकडे करा. नवं खातं महाराष्ट्राबाहेरच्या शाखेतलं होतं. ग्राहकाकडच्या माणसाला ते खटकलं, त्याने पेमेंट थांबवून जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन केला, आणि पैसे वाचले. त्या माणसाचे उपकार या कारखान्यावर मोठे आहेत.

संगणकात काय सापडलं

सर्वात आधी तो संगणक नेटवर्कवरून काढला, मेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलले आणि डिस्कची पूर्ण प्रत घेतली. घाईघाईत फॉरमॅट मारायची सवय आपल्याकडे फार आहे. फॉरमॅट मारला की काय झालं होतं ते कधीच कळत नाही, आणि तेच पुन्हा होतं.

विंडोज ७, ऑफिस २०१०. ऑफिसची प्रत विकत घेतलेली नव्हती. कुणीतरी बसवून दिली होती, आणि बसवणाऱ्याने अपडेट मुद्दाम बंद ठेवले होते, कारण अपडेट आला की प्रत अस्सल नसल्याचा संदेश यायला लागतो. आपल्या भागात हे इतकं सर्रास आहे की त्याला कुणी चोरी म्हणतच नाही. पण त्याची किंमत कुठे मोजली जाते ते पुढे येईलच.

आलेली फाईल मी एक्सेलमध्ये न उघडता बाइट बघून तपासली. नावाला एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या नव्या पद्धतीची होती. अशी फाईल म्हणजे खरं तर झिप असते, म्हणून तिची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी व्हायला हवी. हिची सुरुवात होत होती डी० सीएफ ११ ई० या बाइटांनी, म्हणजे जुन्या एक्सएलएसच्या डब्याची. एक्सएलएसएक्सला पासवर्ड लावला की ती या जुन्या डब्यात बसते. म्हणजे फाईल पासवर्डने बंद केलेली होती. मग मॅडमना पासवर्ड विचारला कसा नाही?

एक्सेलमध्ये एक ठरलेला, आधीपासून बांधून ठेवलेला पासवर्ड आहे: 'वेल्वेटस्वेटशॉप'. फाईल त्या पासवर्डने बंद केलेली असेल तर एक्सेल तो स्वतःच लावून बघतं आणि काही न विचारता फाईल उघडतं. वापरणाऱ्याला फाईल साधी दिसते. मेल तपासणाऱ्या अँटिव्हायरसला मात्र आतला मजकूर गुंडाळलेला दिसतो. हल्लेखोर ही युक्ती बरीच वर्षं वापरतायत.

तो पासवर्ड लावून फाईल सोडवली. मॅक्रो शोधणाऱ्या साधनाने स्वच्छ निकाल दिला: मॅक्रो नाही. मग एम्बेड केलेल्या, म्हणजे फाईलच्या आत बसवलेल्या वस्तूंच्या फोल्डरमध्ये पाहिलं, तर तिथे एक वस्तू होती आणि तिचा प्रकार होता 'इक्वेशन ३'. गणिताची समीकरणं लिहायची जुनी सोय.

विंडोज कुठलाही प्रोग्राम चालला की प्रीफेच नावाच्या फोल्डरात त्याची छोटी नोंद ठेवतं. त्या फोल्डरात ईक्यूएनईडीटी३२ या प्रोग्रामची नोंद होती, आणि शेवटची वेळ मॅडमनी फाईल उघडली त्याच मिनिटाची. या ऑफिसात कुणी कधी समीकरण टाईप केलेलं नाही. भागाचं वजन, रिजेक्शनची टक्केवारी, चलनांची बेरीज, एवढंच इथलं गणित. तो प्रोग्राम कुणा माणसाने चालवला नव्हता, फाईलने चालवायला लावला होता. त्याच्या पाठोपाठ त्याच मिनिटाला तात्पुरत्या फोल्डरात एक अनोळखी प्रोग्राम उतरला होता. कळफलकावर टाईप केलेलं टिपणारा आणि ब्राउझर-मेलमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा.

अडचण कुठे होती

मालकांचा प्रश्न साधा आणि रास्त होता. "अहो, अँटिव्हायरस आहे, मॅक्रो बंद आहेत. मग नुसती फाईल वाचल्यानं काय होतंय?"

त्यांच्या स्टोअरमध्ये उभं राहूनच मी उत्तर दिलं. समजा एका बिनमध्ये चाळीस नग मावतात. माल आणणाऱ्याच्या चलनावर जो आकडा आहे तेवढे नग स्टोअरवाला न मोजता, बिनकडे न बघता ओतत जातो. चलनावर चारशे लिहिलं असेल तर उरलेले शेजारच्या बिनमध्ये पडतात. आणि शेजारच्या बिनमध्ये जर 'हा लॉट पुढे कुठे न्यायचा' हे सांगणारं कार्ड असेल, तर ओतलेल्या मालात लपवलेलं खोटं कार्ड त्याच्या जागी येऊन बसतं. पुढचा माणूस कार्ड वाचतो आणि लॉट तिकडे नेतो. त्याची काही चूक नसते.

संगणकाच्या भाषेत: प्रोग्राम स्मृतीत ठराविक मापाची जागा राखून ठेवतो आणि फाईलमधून मजकूर तिथे उतरवून घेतो. किती उतरवायचं हा आकडाही फाईलच सांगते, किंवा मजकूर संपेपर्यंत उतरवत जायचं असं ठरलेलं असतं. माप तपासलं नाही तर मजकूर जागेबाहेर सांडतो आणि शेजारची माहिती पुसतो. फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा भाग, संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता स्टॅकवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत, तिथेच जवळ ठेवलेला असतो. तो पुसला गेला की प्रोग्राम कुठे जाईल हे फाईल पाठवणारा ठरवतो.

समीकरणवाल्या प्रोग्राममध्ये हेच होतं. समीकरणाच्या माहितीत फॉन्टचं नाव असतं, आणि ते नाव स्टॅकवरच्या छोट्या जागेत लांबी न तपासता उतरवलं जायचं. जाहीर दोषांच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सीव्हीई यादीत या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१७-११८८२. एम्बेडी नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी तो शोधला आणि मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २०१७ ला दुरुस्ती दिली. तो प्रोग्राम मात्र नोव्हेंबर २००० मध्ये तयार झालेला. सतरा वर्षं तो तसाच प्रत्येक ऑफिससोबत येत राहिला, कारण जुन्या कागदांतली जुनी समीकरणं उघडायला हवी होती.

त्यात अजून एक अडचण. २००० नंतर स्मृतीतले पत्ते दर वेळी बदलणं (एएसएलआर) आणि माहितीच्या जागेतून कोड चालू न देणं (डीईपी) अशी संरक्षणं आली. एक्सेलला ती मिळाली. समीकरणवाला प्रोग्राम जुना, त्याला ती नव्हती. शिवाय तो एक्सेलच्या पोटात चालत नाही, वेगळा प्रोग्राम म्हणून सुरू होतो, त्यामुळे एक्सेलभोवतीचं कुंपण त्याला लागू होत नाही. त्याच्या आत दुसरा प्रोग्राम सुरू करायची विंडोजची 'विनएक्झेक' ही सोय आधीपासून जोडलेली होती आणि तिचा पत्ता कधी बदलत नव्हता. हल्लेखोराला तेवढा एक पत्ता फॉन्टच्या नावाच्या शेपटीत लिहायचा होता.

जानेवारी २०१८ मध्ये त्याच प्रोग्रामात दुसरा दोष निघाला, सीव्हीई-२०१८-०८०२, आणि मायक्रोसॉफ्टने तो प्रोग्रामच ऑफिसमधून काढून टाकला. म्हणजे अपडेट चालू असते तर आमच्या संगणकावर तो असलाच नसता. अमेरिकेच्या सायबर यंत्रणांनी मे २०२० मध्ये, २०१६ ते २०१९ या काळात सर्वाधिक वापरलेल्या दोषांची यादी काढली, तिच्यात हा दोष अगदी वर होता. दुरुस्ती येऊन वर्षं झाली तरी तो चालतो, कारण आमच्यासारखी ठिकाणं अजून आहेत.

ऑफिस २०१० मध्ये प्रोटेक्टेड व्ह्यू आहे: इंटरनेटवरून आलेली फाईल आधी बंदिस्त अवस्थेत उघडते आणि वर पिवळी पट्टी येते. ती का आली नाही? फाईल इंटरनेटवरून आली हे विंडोज फाईलला चिकटवलेल्या एका अदृश्य खुणेवरून ओळखतं. झिपवर ती खूण होती. पण झिप सोडवायला त्या संगणकावर जे जुनं सॉफ्टवेअर होतं ते आतून काढलेल्या फाईलींवर खूण पुढे नेत नव्हतं. सेव्हन-झिपसारख्या नावाजलेल्या साधनातही ही सोय २०२२ मध्ये आली, आणि तीही सेटिंगमधून चालू करावी लागते. पेनड्राइव्हचंही तसंच. फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ती खूण टिकतच नाही. आपल्याकडे ऑफिस ते शॉप, शॉप ते ग्राहक, सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर फिरतात, म्हणजे ही पट्टी निम्म्या वेळी दिसणारच नसते. मॅडमना पट्टी दिसली नाही, पासवर्ड विचारला गेला नाही, मॅक्रोचा प्रश्न आला नाही. त्यांनी कशावरून थांबायचं होतं?

माणूस नसलेलं वाचन

इथवर येऊन बहुतेक ठिकाणी प्रकरण मिटवतात. ऑफिस नवं घेतलं, पासवर्ड बदलले, चला कामाला. मी मालकांना म्हटलं, कारखान्यात एक्सेल फाईल वाचणारं अजून काय काय आहे त्याची यादी करू. यादी करायला बसलो आणि त्यात जे निघालं ते मला पहिल्या घटनेपेक्षा गंभीर वाटलं.

ग्राहकाचं पोर्टल शेड्यूल एक्सएलएसमध्येच देतं. ते रोज हाताने भरणं जिकिरीचं, म्हणून काही वर्षांपूर्वी इथल्याच एका पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा झालेल्या मुलाने सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. शेड्यूलसाठी वेगळा मेलबॉक्स. रात्री लिनक्स सर्व्हर त्यातल्या फाईली उतरवतो, वाचतो, आकडे डेटाबेसमध्ये टाकतो. काम चोख. वाचायला त्याने लिबएक्सएलएस ही मुक्त लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला, कुणालाही वापरता येणारा तयार कोड) वापरली होती, आवृत्ती १.४. आणि हे सगळं रूट म्हणून चालत होतं.

म्हणजे त्या मेलबॉक्सचा पत्ता ज्याला माहीत आहे त्याने पाठवलेली फाईल मध्यरात्री, कुणीही क्लिक न करता, सर्वाधिकार असलेल्या प्रोग्रामकडून उघडली जात होती. इथे दोष द्यायला कुणी मॅडमच नव्हत्या.

सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा संशोधन गटाने २०१७ मध्ये लिबएक्सएलएसमधले अनेक दोष जाहीर केले होते. त्यातला एक समजायला सोपा आहे. जुनी एक्सएलएस फाईल म्हणजे नोंदींची लांब रांग. प्रत्येक नोंदीला दोन बाइटांचा प्रकार, दोन बाइटांची लांबी, मग मजकूर. त्यात एक नोंद 'एकत्र केलेल्या खान्यांची' असते: या ओळीपासून त्या ओळीपर्यंत, या रकान्यापासून त्या रकान्यापर्यंत खाने जोडलेले आहेत. शेड्यूलच्या वरचं मथळ्याचं मोठं चौकट असतं ना, ते. लायब्ररी ही नोंद वाचून त्या पट्ट्यातल्या खान्यांवर 'लपलेला' अशी खूण करत जायची. पण पत्रकात तेवढ्या ओळी आणि रकाने खरंच आहेत का हे बघत नव्हती. एक्सएलएसमध्ये रकाने २५६ च असतात, पण नोंदीत रकान्याचा क्रमांक दोन बाइटांत लिहिला जातो, म्हणजे ६५,५३५ पर्यंत काहीही लिहिता येतं. तसं लिहिलं की खूण पत्रकाबाहेर, दुसऱ्या कशाच्या तरी स्मृतीत पडते. या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१७-२८९६. सामायिक मजकुराच्या तक्त्याचा हिशेब करताना पूर्णांकाची मर्यादा ओलांडली जाणं हाही त्याच मालिकेतला एक, सीव्हीई-२०१७-१२११०.

त्या मुलाला बोलावलं. तो आता पुण्यात नोकरीला आहे, पण सुट्टीच्या दिवशी आला. त्याच्यावर कुणी आवाज चढवू नये हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण त्याने प्रोग्राम केला तेव्हा त्याला कुणी हे शिकवलेलं नव्हतं, आणि लायब्ररी जगभर वापरली जात होती. आर भाषेतलं रीडएक्सएल हे पॅकेज, जे कॉलेजांत सर्रास वापरतात, तेही आतून हीच लायब्ररी वापरतं, आणि त्यालाही २०१८ मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या.

आम्ही त्याचा प्रोग्राम ॲड्रेससॅनिटायझर लावून पुन्हा बांधला. हे कंपायलरसोबत येणारं साधन राखलेल्या प्रत्येक जागेच्या कडेला निषिद्ध पट्टा ठेवतं आणि त्यावर पाऊल पडलं की प्रोग्राम तिथेच थांबवून ओळ क्रमांकासह सांगतं. नेहमीचं एक खरं शेड्यूल घेतलं, बाइट दाखवणाऱ्या एडिटरमध्ये मथळ्याची ती एकत्र खान्यांची नोंद शोधली, शेवटच्या रकान्याचे दोन बाइट बदलून एफएफ एफएफ केले. फाईल जतन केली, प्रोग्रामला दिली. एरवी तो काही न बोलता काम संपवायचा. या वेळी लाल अक्षरांत 'हीप-बफर-ओव्हरफ्लो' असं आलं, म्हणजे राखलेल्या जागेबाहेर लिहिलं गेलं, खाली लायब्ररीतली ती नेमकी ओळ. मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे हे इतकी वर्षं असंच चालायलं होतं?" हो. आणि सॅनिटायझरशिवाय तीच फाईल दिली तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. प्रोग्राम चुकीच्या जागी लिहून पुढे निघून जातो. सांडलेलं दिसत नाही म्हणून असले दोष वर्षानुवर्षं टिकतात.

रात्रीच्या नोंदी तपासल्या. त्या मेलबॉक्समध्ये विचित्र काही आलं असल्याचा पुरावा मिळाला नाही. हे नशीब होतं.

हे नवं नाही

एक्सेलच्या पोटातले असे दोष फार जुने आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फीचर हेडर' या नोंदीतला दोष दुरुस्त केला, सीव्हीई-२००९-३१२९. तरी रेड ऑक्टोबर या हेरगिरी मोहिमेत तो वापरला गेल्याचं जानेवारी २०१३ मध्ये उघड झालं. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीतच शिरकाव झाला तो '२०११ रिक्रूटमेंट प्लॅन' नावाच्या एक्सेल फाईलमधून. आत फ्लॅशचा (ॲनिमेशन-व्हिडिओ चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा) तुकडा होता आणि दोष फ्लॅशमध्ये होता. या घटनांत मॅक्रोचा संबंध नाही. प्रत्येक वेळी फाईलमधला एखादा दुर्लक्षित तुकडा वाचायला कुठलातरी जुना कोड उठला आणि तो फसला.

मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या सुरक्षिततेशी निगडित असतात. सी आणि सी++ मध्ये लिहिलेला, इतक्या गुंतागुंतीचा फॉरमॅट वाचणारा कोड असेल तर यात आश्चर्य वाटायला नको. पण भाषा बदलली की सगळं सुटतं असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पर्ल भाषेतल्या एक्सेल वाचणाऱ्या एका लायब्ररीत दोष निघाला. तिथे स्मृती सांडण्याचा प्रश्नच नव्हता. आकड्याचं स्वरूप सांगणारा मजकूर सरळ कोड म्हणून चालवला जात होता. बाराकुडा कंपनीच्या मेल तपासणाऱ्या उपकरणांवर हल्ले झाले ते त्यातून. मेलमधली फाईल धोकादायक आहे का हे बघायला उपकरण ती वाचत होतं, आणि वाचतानाच फसत होतं. आमच्या रात्रीच्या सर्व्हरची आठवण मला इथे आल्याशिवाय राहत नाही.

काय बदललं

ऑफिसच्या संगणकांवर खरेदी केलेलं, अपडेट चालू असलेलं सॉफ्टवेअर आलं. सगळ्यांना विकतचं ऑफिस परवडत नव्हतं, म्हणून जिथे फक्त पत्रकं बघायची असतात तिथे लिबरऑफिस बसवलं. मालकांना मी एवढंच दाखवलं की फुकट मिळालेल्या प्रतीमुळे बंद ठेवलेला एक अपडेट ग्राहकाच्या एका महिन्याच्या पेमेंटएवढा महाग पडणार होता. ते लगेच पटलं. झिप सोडवायला विंडोजची स्वतःची सोय वापरायची, जुनं साधन काढून टाकलं. बाहेरून आलेली फाईल आधी ब्राउझरमध्ये बघायची. तिथे बघितली की इथल्या संगणकावरचं एक्सेल मध्ये येतच नाही. बँक खातं बदलल्याचं कुठलंही पत्र, आलेलं असो की गेलेलं, फोनवर जुन्या नंबरने खात्री केल्याशिवाय मान्य नाही, हे ग्राहकालाही लेखी कळवलं.

मेलमधून गेलेली फसवणूक सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवली आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेलाही कळवलं. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि ते कंपन्यांनाही लागू आहे. हे इथल्या बहुतेक लघुउद्योजकांच्या गावीही नाही. उद्योजकांच्या संघटनांनी रिटर्न भरण्याच्या तारखा जशा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात तशी ही गोष्ट सांगायला हवी. जॉबवर्कवाल्याकडेही जाऊन आलो, कारण त्याचा मेलबॉक्स तसाच उघडा राहिला असता तर पुढची फाईल शेजारच्या गाळ्यात गेली असती.

रात्रीच्या सर्व्हरवर जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा होता. आधी तातडीने लिबएक्सएलएसची नवी आवृत्ती. मग प्रोग्राम रूटवरून उतरवून एका वेगळ्या, काहीही अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावावर घेतला. वाचण्याचं आणि डेटाबेसमध्ये टाकण्याचं काम तोडून दोन भाग केले: वाचणारा भाग फाईल घेतो, साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची मजकूर फाईल) बाहेर टाकतो, त्याला नेटवर्क नाही, डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याजवळ नाही, ठराविक स्मृती आणि वेळेपलीकडे तो आपोआप मरतो. टाकणारा भाग एक्सेलला हात लावत नाही. सीएसव्हीतला प्रत्येक आकडा आणि पार्ट नंबर यादीशी ताडून मगच आत घेतो. वाचणारा फसला तरी त्याच्या हाती फारसं काही लागू नये, अशी ही मांडणी आहे. मेलबॉक्सवर ग्राहकाच्या पत्त्याशिवाय आलेलं बाजूला पडतं, पण त्यावर मी भिस्त ठेवलेली नाही, कारण जॉबवर्कवाल्याचा पत्ताही खराच होता.

त्या मुलाने स्वतःहून पुढचं पाऊल उचललं. रस्ट भाषेतली कॅलामाईन ही लायब्ररी एक्सएलएस आणि एक्सएलएसएक्स दोन्ही वाचते. तिच्यावर त्याने वाचणारा भाग पुन्हा लिहिला. मर्यादेबाहेरचा खाना मागितला की रस्टचा प्रोग्राम थांबतो, दुसऱ्याच्या जागेत लिहीत नाही. एफएफ एफएफ केलेली ती फाईल त्याने चाचण्यांमध्ये कायमची ठेवली आहे, आणि जुनी शेड्यूलं बियाणं म्हणून देऊन मोडतोड केलेल्या फाईली तयार करणारा फझर आठवड्यातून एकदा चालवतो. गावाकडच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या मुलाने हे करून दाखवलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. इथल्या कॉलेजांनी सी शिकवताना सॅनिटायझर पहिल्या सत्रातच दाखवावा असं मी त्यांच्या प्राध्यापकांना सांगून आलो आहे.

अकाउंटच्या मॅडमशी मालक स्वतः बोलले. त्यांनी फाईल लपवली नाही, लगेच फोन लावला, दुसऱ्या दिवशी कळवलं, म्हणून तपास लागला. अशा वेळी माणसाला ओरडा बसला की पुढच्या वेळी कुणी कळवत नाही. आता त्यांच्याच सांगण्यावरून स्टोअर आणि डिस्पॅचच्या मुलांना महिन्यातून एकदा बसवून आलेल्या विचित्र फाईली दाखवल्या जातात.

एक संगणक मात्र जसा होता तसाच आहे. गुणवत्ता विभागात भागांची मापं घेणारं थ्री-डी यंत्र आहे, त्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं आणि अहवाल एक्सएलएसमध्येच काढतं. बदलायचं तर अख्खं यंत्र बदलावं लागेल. त्याला नेटवर्कवरून तोडलंय, त्याच्यावरचं ऑफिस काढून टाकलंय, बाहेरचा पेनड्राइव्ह लावायला बंदी आहे. त्याचा अहवाल ग्राहकाला द्यायचा झाला तर यंत्राला लावलेल्या वेगळ्या प्रिंटरवर छापून, सही करून, स्कॅन करून जातो. कामाला दहा मिनिटं जास्त लागतात, आणि क्वालिटीच्या मुलांची तेवढी कुरकुर मालकांनी मान्य केली आहे.